आठी कुठून पडते?

(वर्धा येथील वर्गमित्र-मैत्रिणींच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी फोनवर मला विषय दिला तो असा : "तू चेहऱ्याची डॉक्टर. आपण सगळ्यांनी पंचावन्न ओलांडली. त्या बोटॉक्सचं काय असतं ते एकदा नीट सांगून टाक. बायका विचारत असतात." काल संध्याकाळी मी नोंदणीच्या टेबलापाशी उभी होते, तर बाजूला घेऊन हळूच विचारणाऱ्यांत पुरुषच जास्त निघाले. नावं सांगत नाही.

सांगायचं ते सांगते. पण त्यातला एक भाग मला आपल्या शाळेच्या फाटकापर्यंत नेतो, तोही सांगितल्याशिवाय मी खाली बसणार नाही.

चेहऱ्याचं शरीरशास्त्र मराठी माणसाला मुळातच येतं. कपाळाला आठ्या घालणं, भुवया उंचावणं, नाक मुरडणं, ओठ काढणं, दातओठ खाणं हे सगळं आपण रोज बोलतो. यातली प्रत्येक क्रिया करणारे ठरलेले स्नायू आहेत, आणि त्यांची नावं पाठ करण्यात मी सेवाग्रामला पहिलं वर्ष घालवलं. मेडिकलच्या पोरांना आश्रमात पंधरा दिवस राहावं लागायचं, अंगावर खादी, सकाळी प्रार्थना आणि श्रमदान. त्यानंतर डिसेक्शन हॉल. तिथे आम्ही हातापायाचे स्नायू आधी शिकलो. ते समजायला सोपे. एक टोक या हाडाला, दुसरं त्या हाडाला, मधे सांधा. स्नायू आखडला की सांधा वळतो.

चेहऱ्याचं तसं नाही. इथल्या बहुतेक स्नायूंचं एक टोक हाडाला आणि दुसरं थेट कातडीत असतं. स्नायू आखडला की सांधा हलत नाही, कातडी ओढली जाते. बाहीला दोरी घालून ओढली तर कापडाला चुण्या कशा पडतात? दोरी उभी, चुण्या आडव्या. चेहऱ्यावरही नेमकं तेच. सुरकुती नेहमी स्नायूच्या धाग्यांना आडवी पडते. एवढं एक वाक्य लक्षात ठेवलंत तर आजच्या भाषणाचे निम्मे गुण मिळाले.

आता समोर बसलेल्या आपल्या गणिताच्या सरांकडे बघा. सर, माफ करा, फळ्याऐवजी आज तुमचा चेहरा वापरते. सर भुवया वर उचलतात तेव्हा कपाळावर आडव्या रेघा येतात, कारण कपाळावरचा फ्रंटॅलिस हा स्नायू उभा आहे. तो वरून डोक्याच्या पडद्याला जोडलेला आणि खालून भुवईच्या कातडीत शिरलेला असतो, हाडाला कुठेच नाही. गृहपाठ न केलेल्या पोराकडे सर बघायचे तेव्हा दोन भुवयांच्या मधे दोन उभ्या रेघा यायच्या. आठवतात ना? मला अजून स्वप्नात दिसतात. तो कॉरुगेटर. भुवईच्या आतल्या टोकाशी हाडावर सुरू होतो, तिरपा बाहेर आणि वर जातो, आणि भुवईच्या मध्याच्या आसपास कातडीत संपतो. नाकाच्या मुळाशी जी एक आडवी घडी पडते ती प्रोसेरसची. आणि डोळ्याभोवती बांगडीसारखा गोल फिरणारा तो ऑर्बिक्युलॅरिस ऑक्युलाय. धागे गोल, म्हणून सुरकुत्या डोळ्याच्या कोपऱ्यातून किरणांसारख्या फुटतात. सर हसले, बघा, त्या लगेच दिसल्या.

या हसण्याचीही एक गंमत आहे. दुशेन नावाच्या फ्रेंच डॉक्टरने विजेचा सौम्य झटका देऊन चेहऱ्याचा एकेक स्नायू वेगळा आखडवून पाहिला आणि 1862 मध्ये फोटोंसह पुस्तक काढलं. त्याचं म्हणणं असं, की ओठांचे कोपरे वर ओढणारा झायगोमॅटिकस हा स्नायू आपण हुकमाने हलवू शकतो. पण डोळ्याभोवतीची बांगडी मनापासून हसल्याशिवाय सहसा आखडत नाही. ग्रुप फोटोत कोण खरं हसतंय ते डोळ्यांच्या कोपऱ्यावरून ओळखा.

आता इंजेक्शनबद्दल. बोटॉक्स हे एका कंपनीच्या औषधाचं नाव. आत असतं बोट्युलिनम टॉक्सिन, म्हणजे विष, आणि तेही जगातल्या सर्वांत जहाल विषांपैकी एक. लॅटिनमध्ये बोट्युलस म्हणजे सॉसेज. दोनशे वर्षांपूर्वी जर्मनीत सॉसेज खाऊन माणसं लुळी पडून मरत. युस्टिनस केर्नर नावाच्या डॉक्टरने, जो कवीही होता, त्या रोगाचं बारकाईने वर्णन केलं, आणि हेच विष अगदी थोड्या मात्रेत औषध म्हणून चालेल असंही तेव्हाच लिहून ठेवलं. 1895 मध्ये बेल्जियममधल्या एका गावी अंत्ययात्रेला आलेले वादक डुकराचं खारवलेलं मांस खाऊन आजारी पडले, त्यातून व्हॅन एर्मेंगेम यांनी तो जंतू शोधला. हे विष काय करतं? नस स्नायूला 'आखड' असा निरोप देते तो एका रसायनामार्फत. त्या रसायनाची थैली नसेच्या टोकाला उघडूच द्यायची नाही, एवढंच याचं काम. स्नायू शाबूत, नस शाबूत, फक्त टपाल बंद. तीन-चार महिन्यांत टपाल पुन्हा सुरू होतं.

औषध म्हणून ते आधी आलं डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. सॅन फ्रान्सिस्कोच्या अॅलन स्कॉट यांनी तिरळेपणासाठी ते वापरलं, आणि 1989 मध्ये अमेरिकेत तिरळेपणा आणि पापण्या आपोआप घट्ट मिटण्याचा विकार यांसाठी त्याला मान्यता मिळाली. व्हँकुव्हरला जीन कॅरुथर्स या नेत्रतज्ज्ञ असंच इंजेक्शन देत होत्या, तर एका बाईने तक्रार केली की या वेळी भुवयांच्या मधे का नाही दिलं? तिथे दिलं की माझा चेहरा शांत दिसतो. जीनबाईंचे पती त्वचारोगतज्ज्ञ. दोघांनी मिळून 1992 मध्ये शोधनिबंध लिहिला, आणि 2002 मध्ये भुवयांमधल्या आठीसाठी अमेरिकेत मान्यता आली. रोगाच्या औषधातून सौंदर्याचं औषध निघालं ते एका रोग्याच्या हट्टामुळे.

मान्यतेच्या कागदात भुवयांमधल्या आठीची मात्रा दिलेली आहे : पाच जागा, प्रत्येक ठिकाणी 4 युनिट, एकूण 20. एका कंपनीचं युनिट दुसऱ्या कंपनीच्या युनिटाबरोबर बदलता येत नाही. पाच जागांचं चित्र असतं, रांगोळीच्या ठिपक्यांसारखं. रांगोळीचे ठिपके कागदावर सरळ पडतात. चेहऱ्यावर प्रत्येक माणसाचा कागद वेगळा.

हे मी शिकले ते एका बाईच्या डोळ्यावर.

नुकती प्रॅक्टिस सुरू केली होती. इंजेक्शनं मी दोन दिवसांच्या कार्यशाळेत शिकून आले होते आणि ठिपक्यांचं चित्र भिंतीला लावलं होतं. एक ताई आल्या, बँकेत नोकरी, मुलाचं लग्न तीन आठवड्यांवर. म्हणाल्या, "विहीणबाईंसमोर मी सारखी चिडलेली दिसते." मी पाच ठिपके दिले. दहाव्या दिवशी त्या आल्या तेव्हा उजवी पापणी अर्धी खाली आली होती.

चूक माझी होती आणि साधी होती. मी भुवई बघून सुई घातली. ताईंनी पार्लरमध्ये भुवया कोरून घेतल्या होत्या, पातळ आणि खाली. भुवई कोरली की सरकते, हाड सरकत नाही. डोळ्याच्या खोबणीची वरची कडा बोटाने चाचपायची आणि तिच्यापासून साधारण एक सेंटिमीटर वर राहायचं, हा नियम मला तोंडपाठ होता, पण बोट काही मी लावलं नव्हतं. शिवाय कॉरुगेटर आतल्या टोकाला हाडाजवळ खोल असतो आणि बाहेरच्या टोकाला कातडीलगत वर येतो. मी दोन्हीकडे सारखीच खोल सुई घातली. बाहेरच्या ठिपक्यातलं औषध खोबणीच्या कडेखाली उतरलं आणि पापणी वर उचलणाऱ्या लिव्हेटर स्नायूपर्यंत पोचलं.

त्यावर उतारा नाही. पापणीच्या आत एक छोटा मदतनीस स्नायू असतो, त्याला चेतवणारे थेंब घातले की पापणी एखाद-दोन मिलिमीटर उचलते. ते दिले. बाकी वाट बघायची. सहा आठवडे लागले. लग्न मधेच होऊन गेलं. नंतर ताई अल्बम घेऊन आल्या, भांडायला नाही, दाखवायला. म्हणाल्या, "मॅडम, आधी चिडलेली दिसायचे, आता सगळ्या फोटोत झोपलेली दिसते." आम्ही दोघीही हसलो. पण रात्री मला झोप आली नाही. मी पैसे परत दिले, ते त्यांनी घेतले, आणि ते घेतले म्हणून मला बरं वाटलं.

दुसऱ्या आठवड्यात मी माझ्या जुन्या शरीरशास्त्राच्या सरांकडे गेले. त्यांना सगळं सांगितलं. ते ओरडले नाहीत. म्हणाले, "शनिवारी ये, चेहरा पुन्हा उघडू." अठराव्या वर्षी परीक्षेसाठी पाठ केलेले स्नायू मी पस्तिशी ओलांडल्यावर पहिल्यांदा खरे पाहिले. कॉरुगेटर किती लहान असतो! माणसागणिक किती वेगळा! कोणाचा भुवईच्या मध्याच्या आधीच संपलेला, कोणाचा पार बाहेरपर्यंत गेलेला. ज्यांनी आपला देह दिला म्हणून हे मला दिसलं, त्यांची नावंही आम्हाला कळत नाहीत.

तेव्हापासून माझा क्रम बदलला. आधी समोर बसवते आणि बोलते. बोलताना माणूस कुठला स्नायू कसा वापरतो ते बघते. मग 'रागवा', 'आश्चर्य दाखवा', 'डोळे गच्च मिटा' असं करवून घेते. मग बोटाने हाड चाचपते. सुई सर्वांत शेवटी.

यातून तुमच्या कामाचं एवढंच. एक, कपाळाच्या आडव्या रेघा पूर्ण पुसून टाका असं म्हणू नका. भुवई उचलणारा फ्रंटॅलिस हा एकच स्नायू आहे, खाली ओढणारे मात्र तीन-चार. आपल्या वयात पापण्यांची कातडी सैल पडलेली असते आणि आपण नकळत दिवसभर फ्रंटॅलिसने ती उचलून धरतो. तो झोपवला तर भुवई डोळ्यावर येते आणि पेपर वाचताना जड वाटतं. दोन, डोळ्याच्या कोपऱ्यातलं इंजेक्शन फार खाली गेलं तर गालाच्या हाडापासून निघणारा हसण्याचा स्नायू सापडतो, आणि हसू एका बाजूला पडतं. तीन, परिणाम तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून दिसू लागतो आणि पुरता दिसायला दोन आठवडे लागतात. म्हणून लग्नाच्या तोंडावर पहिल्यांदा काही करू नका. चार, स्नायूंच्या दुर्बलतेचा आजार असेल, मायस्थेनियासारखा, तर हे औषध नकोच. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईलाही नको.

पाच, आणि हे नीट ऐका. फिलर ही वेगळी वस्तू आहे. ते स्नायू झोपवत नाही, जागा भरून काढतं. तिथे भीती स्नायूची नसून रक्तवाहिनीची. नाकाच्या आणि भुवयांमधल्या बारीक धमन्या डोळ्याच्या आतल्या धमनीला जोडलेल्या असतात. फिलर चुकून धमनीत गेलं तर कातडी मरू शकते, क्वचित दृष्टी कायमची जाते. सुई टोचल्यावर कातडी पांढरी पडली, फार दुखलं किंवा दिसेनासं झालं, तर उद्या बघू म्हणायचं नाही, त्याच क्षणी. हायल्युरॉनिक अॅसिडचं फिलर विरघळवणारं औषध असतं, ते देणाऱ्याच्या हाताशी हवं. म्हणून पार्लरमध्ये, हॉटेलच्या खोलीत, कोणाच्या घरी 'पार्टी' करून हे घेऊ नका. टोचणाऱ्याला तीन प्रश्न विचारा : तुमची पदवी काय, बाटली माझ्यासमोर उघडाल का, आणि बिघडलं तर तुम्ही काय कराल? तिसऱ्या प्रश्नाला 'काही बिघडत नाही' असं उत्तर आलं तर पर्स उचला आणि घरी जा.

आता शाळेच्या फाटकाची गोष्ट.

मधल्या सुट्टीत फाटकाबाहेर बोरं, चिंचा, आवळे घेऊन बसणारी आजी आठवते? तिचे डोळे कधी मिटायचेच नाहीत. लाल असायचे, पाणी गळायचं, धूळ उडाली तरी ती तशीच बघत राहायची. आपण तिला 'टकमक आजी' म्हणायचो. हे नाव कोणी ठेवलं ते आज कोणी कबूल करणार नाही, पण हाक सगळेच मारायचे, मीसुद्धा. सातवीत असताना मी बोरं घेता घेता तिच्या डोळ्यांकडे टक लावून बघत राहिले, तर ती म्हणाली, "काय पाह्यतं वं पोरी माह्या डोयात? बोरं पाह्य." मी पळाले. बोरांचे पैसे दिले की नाही, ते मला आठवत नाही.

पुढे इंटर्नशिपमध्ये कुष्ठरोगाच्या तपासणीला मी एक गृहस्थ पाहिले. चेहऱ्याच्या स्नायूंना निरोप नेणाऱ्या नसेची एक फांदी गालाच्या हाडावरून, अगदी कातडीखालून, डोळ्याकडे जाते. कुष्ठरोगाच्या जंतूला शरीराचे थंड भाग आवडतात, आणि ती जागा थंड. नस सुजते, मरते, आणि ऑर्बिक्युलॅरिसची ती बांगडी सैल पडते. डोळा मिटत नाही. बुबुळाची जाणीवही गेलेली असली तर धूळ गेलेली कळत नाही. बुबुळ कोरडं पडतं, जखमा होतात, शेवटी माणूस आंधळा होतो. या गृहस्थांवर शस्त्रक्रिया झाली होती. चावण्याचा टेम्पोरॅलिस नावाचा स्नायू कानशिलावर असतो, त्याची नस वेगळी, म्हणून तो वाचलेला असतो. त्याची एक पट्टी पापण्यांमधून ओवून नाकाच्या बाजूला बांधतात. मग दात आवळले की डोळा मिटतो. ते गृहस्थ मला दाखवत होते. दात आवळले, डोळे मिटले. सोडले, उघडले. दिवसातून किती वेळा असं करायचं ते त्यांनी ठरवून ठेवलं होतं. नवीन खेळ शिकलेल्या मुलासारखे ते खूश होते.

मी त्यांच्यापुढे उभी होते आणि मला बोरं दिसत होती.

आपला जिल्हा कोणता, याचा विचार करा. 1936 साली गांधीजी सेगावला राहायला आले, त्याच वर्षी विनोबांचे सहकारी मनोहर दिवाण यांनी वर्ध्याला लागून दत्तपूरला कुष्ठरोग्यांचं काम सुरू केलं. परचुरेशास्त्रींच्या जखमा गांधीजी सेवाग्रामात स्वतःच्या हाताने धूत, तो फोटो आपल्या शाळेच्या भिंतीवर होता. बाबा आमटे जन्मले आपल्या हिंगणघाटला. गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान वर्ध्यात. बहुविध औषधोपचार देशात जिथे सुरुवातीला पोचला त्या जिल्ह्यांत वर्धा होता, आणि तेव्हा आपण याच शाळेत शिकत होतो. फाटकापासून आठ किलोमीटरवर सेवाग्राम. आपल्यापैकी एकालाही, त्या फोटोखालून रोज जाऊनसुद्धा, टकमक आजीला तिकडे न्यावं असं सुचलं नाही. मला हे कळलं तेव्हा मी फाटकापाशी जाऊन आले. तिची जागा रिकामी होती. शेजारच्या पानवाल्याला विचारलं, त्याला ती आठवत होती, नाव मात्र माहीत नव्हतं. आपल्यालाही कुठे होतं?

म्हणून सांगते. ज्या बांगडीला मी आज क्लिनिकमध्ये पैसे घेऊन थोडं सैल करते, तीच बांगडी सैल पडली म्हणून त्या आजीची दृष्टी हळूहळू जात होती. मी माझ्या कामाला कमी लेखत नाही. बँकेतल्या ताईंना चिडलेलं दिसायचं नव्हतं, ही इच्छा लहान नाही. पण सुई उचलताना मला दरवेळी आठवतं की हा स्नायू सुरकुती पाडण्यासाठी दिलेला नाही, डोळा झाकण्यासाठी दिलेला आहे. तेवढं काम त्याला करता आलंच पाहिजे, एवढा तो जागा ठेवून बाकीचं बघायचं. हे चित्रावरच्या ठिपक्यांत नसतं.

कातडीवर बधिर झालेला फिकट चट्टा, हातापायाला मुंग्या, पापणी नीट मिटेनाशी होणं, यातलं काही घरकाम करणाऱ्या बाईंना, शेतावरच्या गड्याला, कोणालाही दिसलं तर आठवड्याच्या आत दाखवा. उपचार सरकारी दवाखान्यात फुकट मिळतो. वेळेत घेतला तर नस वाचते.

सर, तुम्ही मघापासून आठी घालून ऐकत आहात. ती मला नको वाटत नाही. उलट ती तशीच राहू द्या, आमच्यातल्या निम्म्यांचा गृहपाठ अजून बाकी आहे.

जेवणानंतर मी डाव्या कोपऱ्यातल्या टेबलापाशी बसेन. आठी दाखवायला या, पापणी दाखवायला या, आणि टकमक आजीचं खरं नाव कोणाला माहीत असेल तर तेही सांगायला या. स्मरणिका छापायला जाण्याआधी कळलं तर ते इथे छापू.